न्यूक्लियर फिजिक्स पहिल्यांदा शिकताय? आधी दोन प्रश्न वेगळे करा

एम.एस्सी.ला न्यूक्लियरचा पेपर लागला की बहुतेक जण पहिल्या आठवड्यात काय करतात, तर फॉर्म्युल्यांची वही. मास फॉर्म्युला, गायगर-नटॉल, क्युरी प्लॉट, मॅजिक नंबर, सगळं एकाखाली एक, आणि मग परीक्षेच्या आदल्या रात्री तीच वही घेऊन बसायचं. मार्क पडतात असं करून, खोटं कशाला बोलू. पण नेट परीक्षेच्या पार्ट सी मध्ये किंवा इंटरव्ह्यूत समोरच्याने फॉर्म्युला सोडून साधंच काहीतरी विचारलं, की बाबा हे न्यूक्लियस अल्फा (दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉनचा गठ्ठा) का टाकतं, प्रोटॉन का नाही टाकत, की मग गाडी अडते. माझं बी.एस्सी. तालुक्याच्या कॉलेजात झालं, दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग एम.एस्सी., मग रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा आणि आता एका हॉस्पिटलच्या रेडिओथेरपी विभागात मेडिकल फिजिसिस्ट आहे. जुनिअर मुलंमुली विचारायला येतात तेव्हा मी त्यांना जे सांगते तेच इथे लिहितेय, थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

माझं सगळं सांगणं एका गोष्टीवर उभं आहे. कुठलाही डीके (न्यूक्लियसने आपोआप काहीतरी टाकून बदलणं) समोर आला की दोन प्रश्न विचारायचे आणि ते एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. एक, हे होऊ शकतं का? दोन, होत असेल तर किती वेळात? पहिल्याचं उत्तर मास टेबलमध्ये असतं, साध्या वजाबाकीने निघतं. दुसऱ्याचं तिथे नसतं, त्यासाठी बॅरिअर (बाहेर पडताना आड येणारी एनर्जीची भिंत), स्पिन (न्यूक्लियसचा स्वतःचा अँग्युलर मोमेंटम), पॅरिटी असलं सगळं लागतं. खिशात तिकिटाचे पैसे आहेत म्हणून एसटी लगेच येते असं थोडंच आहे. मुलं नेमकं इथेच घोळ घालतात, एनर्जी जास्त म्हणजे डीके होणारच आणि लगेच होणार असं धरून चालतात, आणि मग बिस्मथसारखी उदाहरणं समोर आली की गोंधळतात.

आधी न्यूक्लियसबद्दल थोडं. १९११ ला रदरफोर्डने सांगितलं की अॅटमचा जवळजवळ सगळा मास मधल्या एका चिमुकल्या ठिपक्यात आहे, १९३२ ला चॅडविकने न्यूट्रॉन दाखवला, हे तुम्हाला बारावीपासून माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. लक्षात ठेवायची ती त्रिज्या: १.२ फेम्टोमीटर गुणिले ए चं घनमूळ, ए म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून एकूण संख्या. सोन्याला ए १९७, म्हणजे त्रिज्या साधारण ७ फेम्टोमीटर. आता या घनमुळाकडे नीट बघा, कारण अर्धं न्यूक्लियर फिजिक्स यात आहे. त्रिज्या घनमुळाने वाढते म्हणजे आकारमान ए च्या प्रमाणात वाढतं, म्हणजे घनता सगळ्या न्यूक्लियसची जवळपास सारखीच, अॅल्युमिनियम घ्या नाहीतर युरेनियम. ती किती, तर घनमीटरला २.३ गुणिले दहाचा सतरावा घात किलो. आणि घनता सारखी राहते याचा अर्थ प्रत्येक न्यूक्लिऑन (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) फक्त आपल्या आसपासच्या शेजाऱ्यांशी बांधला जातो, सगळ्यांशी नाही. तसं नसतं तर बाइंडिंग एनर्जी (न्यूक्लियस पूर्ण सुटं करायला लागणारी एनर्जी) ए च्या वर्गाने वाढत गेली असती. प्रत्यक्षात दर न्यूक्लिऑनमागे ती ८ एमईव्हीच्या (मिलियन इलेक्ट्रॉन-व्होल्ट) आसपास सपाट राहते, लोखंड-निकेलपाशी ८.८ च्या जवळ जाते आणि युरेनियमपर्यंत ७.६ वर उतरते. हा उतार येतो प्रोटॉन-प्रोटॉनच्या ढकलाढकलीमुळे, कारण कूलंबचा फोर्स लांबवर पोचतो, प्रत्येक प्रोटॉन प्रत्येक प्रोटॉनला ढकलतो.

हा बाइंडिंग एनर्जीचा ग्राफ पाठ करू नका, हाताने काढा. मास टेबल इंटरनेटवर फुकट आहे, अॅटॉमिक मास इव्हॅल्युएशन २०२० असं शोधा, नाहीतर ब्रुकहेवनचं नूडॅट किंवा आयएईएचा लाइव्हचार्ट उघडा. एक्सेलमध्ये वीसेक न्यूक्लियस टाका आणि स्वतः वजाबाकी करा. सुरुवात ड्यूटेरॉनपासून, म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन, आकडे सगळे एमईव्हीत. प्रोटॉन ९३८.२७२, न्यूट्रॉन ९३९.५६५, बेरीज १८७७.८३७. ड्यूटेरॉनचा मास १८७५.६१३. फरक २.२२४ एमईव्ही, झाली बाइंडिंग एनर्जी. एवढंच. आणि याच आकड्यांवर लगेच एक मजा करा. मोकळा न्यूट्रॉन साधारण १० मिनिटांच्या हाफ-लाइफने (निम्मे संपायला लागणारा वेळ) डीके होतो हे माहीत आहे, मग ड्यूटेरॉनमधला का नाही होत? तो डीके झाला तर मागे दोन प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन उरतील, दोन प्रोटॉन एकत्र बांधलेले राहत नाहीत, तेव्हा त्यांचा मास नुसता बेरजेने घ्या: १८७६.५४४ अधिक ०.५११, म्हणजे १८७७.०५५. ड्यूटेरॉनपेक्षा जास्त! खात्यात पैसेच नाहीत. पहिल्या प्रश्नाचंच उत्तर नाही, दुसरा विचारायचं कारणच उरत नाही. मला तरी हे उदाहरण सगळ्या मास फॉर्म्युल्यापेक्षा जास्त आवडतं.

आता युरेनियम-२३८. अल्फा टाकला तर थोरियम-२३४ उरतं. मास आता अॅटॉमिक मास युनिटमध्ये घेऊ, २३८.०५०७९ मधून २३४.०४३६० आणि ४.००२६० वजा करा, जे उरतं त्याला ९३१.५ ने (एका युनिटचे एमईव्ही) गुणा, ४.२७ एमईव्ही येतात. पॉझिटिव्ह, म्हणजे परवानगी आहे. आता तोच युरेनियम एक प्रोटॉन टाकेल का बघा, मागे प्रोटॅक्टिनियम-२३७ उरेल, आणि उत्तर येतं उणे ७.७ च्या आसपास. नाही. का, तर प्रोटॉन सोडवायला बाइंडिंगची किंमत मोजावी लागते आणि त्या बदल्यात काही मिळत नाही, पण अल्फा बाहेर पडताना तो स्वतःच आत २८.३ एमईव्हीने बांधलेला असतो, ती कमाई हिशोबात येते. इंटरव्ह्यूत एवढं नीट सांगितलं तरी समोरचे मान हलवतात. आणि हो, एक टीप, ४.२७ हा पूर्ण क्यू आहे, म्हणजे डीकेत सुटणारी एकूण एनर्जी, अल्फाला त्यातले ४.२ मिळतात, बाकीचे थोरियमच्या रिकॉइलला. न्यूमेरिकलमध्ये नेमकं हेच विचारतात.

बीटासाठी (न्यूट्रॉनचा प्रोटॉन होऊन इलेक्ट्रॉन पडतो तो मायनस, उलट होऊन पॉझिट्रॉन पडतो तो प्लस) थोडी काळजी घ्यावी लागते कारण टेबलमध्ये असतात अॅटमचे मास, न्यूक्लियसचे नाही. बीटा मायनसमध्ये इलेक्ट्रॉनचा हिशोब आपोआप जुळतो, पेरेंट वजा डॉटर, संपलं. बीटा प्लसमध्ये मात्र दोन इलेक्ट्रॉनचे १.०२२ एमईव्ही अजून वजा करायचे. म्हणूनच कितीतरी न्यूक्लियसना इलेक्ट्रॉन कॅप्चर (आपल्याच अॅटममधला इलेक्ट्रॉन आत ओढून घेणं) जमतं आणि पॉझिट्रॉन टाकणं जमत नाही. हे एकदा वहीत स्वतः मांडून बघा, कोणीतरी सांगितलं म्हणून लक्षात राहत नाही.

आता दुसरा प्रश्न, आणि इथे खरी गंमत आहे. थोरियम-२३२ चा अल्फा क्यू ४.०८ एमईव्ही, हाफ-लाइफ १४०० कोटी वर्षं, म्हणजे विश्वाच्या वयाच्याच घरातलं. पोलोनियम-२१२ चा क्यू ८.९५, हाफ-लाइफ ०.३ मायक्रोसेकंद. एनर्जी दुपटीहून जरा जास्त, आणि वेळेत फरक दहाचा चोविसावा घात. असा फरक फिजिक्समध्ये एक्स्पोनेन्शियलशिवाय कुठून येणार? गायगर आणि नटॉलने हा संबंध १९११ मध्येच आकड्यांतून पाहिला होता, पण कारण कळायला १९२८ उजाडलं, गॅमोने, आणि त्याच सुमारास गर्नी-कॉन्डनने वेगळेपणी, टनेलिंग लावलं. अल्फाला कूलंब बॅरिअरच्या आत एनर्जी कमी पडते, क्लासिकली तो बाहेर येऊच शकत नाही, पण क्वांटममध्ये आरपार जायची थोडीशी शक्यता असते आणि ती शक्यता बॅरिअरच्या जाडीवर एक्स्पोनेन्शियली अवलंबून. एनर्जी जरा वाढली की बॅरिअर उंचीने आणि जाडीने दोन्हीकडून कमी होतो, आणि ते एक्स्पोनेंटमध्ये बसलेलं असतं. डेरिव्हेशन एकदा तरी पूर्ण करा, डब्ल्यूकेबीचं (टनेलिंगची शक्यता काढायची अंदाजी पद्धत) इंटिग्रल बघून घाबरायचं काही नाही, सब्स्टिट्यूशन एकच आहे.

मग बिस्मथ-२०९. वर्षानुवर्षं पुस्तकांत हा सगळ्यात जड स्टेबल आयसोटोप म्हणून छापला गेला. क्यू काढा, ३.१४ एमईव्ही, पॉझिटिव्ह आहे! म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर केव्हाच हो होतं, फक्त दुसऱ्याचं इतकं प्रचंड होतं की कोणाला दिसत नव्हतं. २००३ मध्ये फ्रान्सच्या ओर्से इथल्या ग्रुपने अतिथंड बोलोमीटर (बारीकशी तापमानवाढ मोजणारा डिटेक्टर) वापरून तो डीके पकडला, हाफ-लाइफ १.९ गुणिले दहाचा एकोणिसावा घात वर्षं. तेव्हा स्टेबल हे लेबल दिसलं की त्याचा अर्थ आधी नीट विचारा, एनर्जीने अडवलंय की नुसता उशीर आहे.

बीटा डीकेची गोष्ट वेगळीच. अल्फाच्या एनर्जी ठरावीक रेषांत येतात, बीटाच्या मात्र शून्यापासून वरच्या टोकापर्यंत पसरलेल्या. उरलेली एनर्जी जाते कुठे यावर लोकांनी इतकं डोकं फोडलं की बोहरसारखा माणूस एनर्जी कॉन्झर्व्हेशनच सोडून द्यायच्या विचारात होता. ४ डिसेंबर १९३० ला पाउलीने ट्यूबिंगेनच्या मीटिंगला जमलेल्या लोकांना पत्र लिहिलं की एक न्यूट्रल कण बाहेर पडतोय असं माना, आणि आपण स्वतः येऊ शकत नाही कारण झ्युरिकला बॉल डान्स आहे! १९३४ ला फर्मीने त्याची थिअरी बांधली आणि १९५६ ला राइन्स आणि कॉवनने रिअॅक्टरजवळ न्यूट्रिनो पकडला. आपल्याकडे कोलार गोल्ड फील्डच्या खोल खाणीत १९६५ मध्ये टीआयएफआर (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था), ओसाका आणि डरहॅमच्या लोकांनी वातावरणातले न्यूट्रिनो नोंदवले, जगातल्या पहिल्यावहिल्या नोंदींपैकी ती एक. हे मुद्दाम सांगते कारण न्यूक्लियर म्हटलं की आपल्याला फक्त पोखरण आठवतं.

बीटामध्ये दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बॅरिअर देत नाही, स्पिन देतो. पोटॅशियम-४० घ्या, केळ्यात असतो, बटाट्यात असतो, तुमच्या माझ्या अंगात असतो. याच्या बीटा मायनसचा क्यू १.३१ एमईव्ही, चांगला भरपूर, इतक्या एनर्जीचे कितीतरी बीटा एमिटर काही तासांत किंवा दिवसांत संपतात. पण हा १२५ कोटी वर्षं टिकतो. कारण याचा स्पिन ४ आणि कॅल्शियम-४० चा शून्य, एवढा अँग्युलर मोमेंटम इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनोने वाहून न्यायचा म्हणजे फारच अवघड, म्हणून याला फोर्बिडन ट्रान्झिशन म्हणतात. फोर्बिडन म्हणजे बंदी नाही बरं का, उशीर. साधारण ८९ टक्के वेळा तो कॅल्शियम होतो आणि जवळपास ११ टक्के वेळा इलेक्ट्रॉन कॅप्चरने आर्गॉन-४०, सोबत १४६१ केईव्हीचा गॅमा. हवेत जो जवळपास एक टक्का आर्गॉन आहे तो बहुतेक सगळा याच पोटॅशियमचा. आणि सह्याद्रीचा काळा दगड, डेक्कन ट्रॅप, ६.६ कोटी वर्षांच्या आसपासचा आहे हे ज्या पद्धतींनी ठरवलं त्यात मुख्य हीच आर्गॉनवाली पद्धत. रायगड चढताना पायाखाली बीटा डीकेचं घड्याळ असतं, असो, विषय सोडून गेले.

गॅमा मुलांना सोपा वाटतो कारण एक्सायटेड स्टेटवरून खाली यायचं, त्यात काय. बहुतेक वेळा पिकोसेकंदांत किंवा त्याआधीच संपतं हेही खरं. पण टेक्नेशियम-९९एम बघा, १४० केईव्हीचा गॅमा, हाफ-लाइफ ६ तास, स्पिनच्या फरकामुळे अडकून पडलेला. न्यूक्लियर मेडिसिनचा मोठा भाग या ६ तासांवर चालतो, बोन स्कॅन, किडनी स्कॅन, काय काय. आणि टोकाचं उदाहरण टँटलम-१८०एम. यात ग्राउंड स्टेट ८ तासांत संपते आणि वरची एक्सायटेड स्टेट निसर्गात तशीच सापडते, तिचा डीके अजून कोणी पाहिलेला नाही! फरक फक्त ७७ केईव्ही, पण एकाचा स्पिन ९ आणि दुसऱ्याचा १. माझ्या मते हे एक उदाहरण नीट समजलं तर सिलेक्शन रूलचं चॅप्टर अर्धं झालं.

मॉडेल्सबद्दल थोडक्यात. लिक्विड ड्रॉप आधी, १९३५ चा वायझेकरचा फॉर्म्युला, पाच टर्म. कोइफिशिएंट पाठ करण्यापेक्षा प्रत्येक टर्म कशामुळे आली ते बोलून दाखवता आलं पाहिजे. त्यातूनच बीटा स्टॅबिलिटीचे पॅराबोला निघतात, ऑड ए ला एक, इव्हन ए ला दोन, हे दरवर्षी कुठल्या ना कुठल्या परीक्षेत येतं. मग शेल मॉडेल, २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६. हे आकडे साध्या ऑसिलेटरमधून २० पर्यंतच येतात, पुढचे यायला जोरदार स्पिन-ऑर्बिट टर्म लागते, १९४९ मध्ये मारिया गोपर्ट मायर आणि येन्सनच्या ग्रुपने ती वेगवेगळी घातली. स्पिन-ऑर्बिटचा काही पुरावा आहे का असं फर्मीने जाता जाता विचारलं आणि त्यावरून बाईंना सुचलं असं त्यांनीच नोबेलच्या भाषणात सांगितलंय. या बाईंनी कितीतरी वर्षं विनापगार काम केलं होतं, १९६३ ला नोबेल मिळालं. ऑड न्यूक्लियसचे ग्राउंड स्टेट स्पिन-पॅरिटी शेल मॉडेलवरून काढायची प्रॅक्टिस भरपूर करा, हमखास मार्क.

आता लॅब, ज्याकडे सगळे दुर्लक्ष करतात. जर्नल सिनिअरकडून उतरवायचं, प्लॅटो (व्होल्टेज वाढवलं तरी काउंट सपाट राहतात तो भाग) काढला, झालं. तसं करू नका, कारण पुढे हॉस्पिटल असो की रिअॅक्टर की बीम टाइम (अॅक्सिलरेटरवर मिळणारा वेळ), तुम्हाला हातात काउंटच येतात, न्यूक्लियस कोणी बघितलेला नाही. जीएम (गायगर-म्युलर) काउंटर मिळाला की सोर्स बाजूला ठेवा आणि आधी नुसतं बॅकग्राउंड मोजा, दहा-दहा सेकंदांचे पुष्कळ रीडिंग, आणि हिस्टोग्राम काढा. मीन आणि व्हेरिअन्स जवळपास सारखे येतात का बघा. पॉइसन म्हणजे काय हे पुस्तकातून नाही कळत, यातून कळतं. आकडा दर वेळी वेगळा येतो म्हणून मशीन खराब नसतं, डीकेच तसा आहे. १०० काउंटला एरर १० टक्के, १ टक्का हवा तर १०,००० काउंट. म्हणून ‘सर, दोन मिनिटं मोजलं तर चालेल का’ याचं उत्तर सरांना विचारायचं नसतं, तुमचं तुम्ही काढायचं असतं.

ऑपरेटिंग व्होल्टेज प्लॅटोच्या पहिल्या अर्ध्यात घ्या, टोकाला नेलं तर ट्यूब डिस्चार्जमध्ये जाते आणि लॅब असिस्टंटची बोलणी खावी लागतात. इन्व्हर्स स्क्वेअरच्या एक्स्पेरिमेंटमध्ये ग्राफ सरळ येत नाही म्हणून मुलं आकडे ‘दुरुस्त’ करतात, तर कारण असं की डिटेक्टरचा खरा केंद्रबिंदू खिडकीच्या आत कुठेतरी असतो आणि आपण अंतर मोजतो बाहेरून. नेट काउंटच्या वर्गमुळाचा व्यस्त घ्या आणि तो अंतरासमोर प्लॉट करा, रेष सरळ येईल आणि इंटरसेप्टमधून तो लपलेला ऑफसेट मिळेल. आकडे ढापायची गरजच नाही. सोर्स कपाटात बंद असेल आणि चावी कोणाकडे हे कोणालाच माहीत नसेल (होतं असं), तर केमिस्ट्रीवाल्यांकडून पोटॅशियम क्लोराइडची बाटली आणा. एक ग्रॅम पोटॅशियम म्हणजे सेकंदाला साधारण ३१ डीके, क्लोराइडमध्ये निम्म्याहून जरा जास्त वजन पोटॅशियमचं, म्हणजे १०० ग्रॅमच्या बाटलीत दीड हजाराच्या वर बेकरेल. पातळ थर पसरून खिडकीजवळ ठेवला आणि धीर धरला तर बॅकग्राउंडच्या वर दिसतं, आणि ३१ हा आकडा आधी स्वतः काढलात तर अर्धायुष्य आणि अॅव्होगाड्रो दोन्हीची उजळणी होते.

गॅमा स्पेक्ट्रोमीटरवर सीझियम-१३७ लावला की मोठा पीक ६६२ केईव्हीवर. याला सगळे सीझियमचा गॅमा म्हणतात, खरं तर तो बेरियम-१३७एमचा, ज्याचं हाफ-लाइफ अडीच मिनिटांच्या आसपास, सीझियमचं ३० वर्षं. पण फक्त पीक बघून उठू नका. ४७७ वर कॉम्प्टन एज (एका धडकेत गॅमा इलेक्ट्रॉनला जास्तीत जास्त देतो ती एनर्जी) आहे, १८४ च्या आसपास बॅकस्कॅटर (मागे उसळून आलेले गॅमा), अगदी डावीकडे ३२ वर बेरियमचा एक्स-रे. हे चारही आकडे स्वतः काढून स्क्रीनवर बोट ठेवून दाखवता आले तर व्हायव्हा तुमचाच. सोडियम आयोडाइडचं रिझोल्यूशन ६६२ ला सात-आठ टक्के, त्यामुळे कोबाल्टचे ११७३ आणि १३३२ वेगळे दिसतात, पण फार जवळच्या लाइन्स मिसळतात, तिथे जर्मेनियम लागतो.

भीतीबद्दल दोन शब्द, कारण घरचे विचारतात, मुलींच्या घरचे तर जास्तच. लॅबमधले सोर्स मायक्रोक्युरीचे असतात. आमच्यासारख्या काम करणाऱ्यांना एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळ) मर्यादा आहे, पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही, छातीवर टीएलडी बॅज (मिळालेला डोस नोंदवणारा बिल्ला) लावतो आणि तो ठरलेल्या काळाने तपासायला जातो. निसर्गातूनच जगात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. घाबरायचं नाही आणि उनाडपणाही करायचा नाही, सोर्स चिमट्याने उचलायचा, लॅबमध्ये खायचं नाही, बस.

करिअरचं. रिसर्चकडे जायचं असेल तर नेट, गेट, जेस्ट आणि टीआयएफआरची स्वतःची परीक्षा. अॅक्सिलरेटर आपल्याकडे मोजके, मुंबईत टीआयएफआरचा पेलेट्रॉन, दिल्लीत आययूएसी, कोलकात्यात व्हीईसीसी, आणि युनिव्हर्सिटीच्या मुलांना तिथे बीम टाइम मिळतो, आपलं युनिव्हर्सिटी छोटं म्हणून मागे राहू नका. पायथन किंवा सी++ आत्तापासूनच शिका, रूट आणि जिअँट४ नावाची सॉफ्टवेअर तुमच्या पुढ्यात येणारच. डिसेंबरात डीएईचं (अणुऊर्जा विभाग) न्यूक्लियर फिजिक्स सिम्पोझियम असतं, जमलं तर एकदा नुसतं पोस्टर बघायला जा. बीएआरसीचं ट्रेनिंग स्कूल १९५७ पासून चालू आहे, एम.एस्सी. नंतर वर्षभराचा कोर्स आणि मग नोकरी, तिथे इंटरव्ह्यू लांबलचक चालतो, सगळा रोख बेसिकवर. निवडीचे नियम दरवर्षीच्या जाहिरातीत वाचा, व्हॉट्सअॅपच्या फॉरवर्डवर विसंबू नका.

माझा रस्ता तिसरा, मेडिकल फिजिक्स. एम.एस्सी. फिजिक्सनंतर रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा, मग हॉस्पिटलमध्ये वर्षभर इंटर्नशिप, मग आरएसओची (रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर) परीक्षा. याबद्दल बी.एस्सी.च्या मुलांना कोणी सांगतच नाही, याचा मला खरंच राग येतो, कारण काम चांगलं आहे, गरज मोठी आहे आणि फिजिक्स रोज वापरावं लागतं. ब्रेकीथेरपीचा (गाठीच्या आत किंवा अगदी जवळ सोर्स ठेवून उपचार) इरिडियम-१९२ सोर्स ७४ दिवसांच्या हाफ-लाइफचा, म्हणजे रोज जवळजवळ एक टक्का कमी होतो, आज पेशंटला जितके सेकंद दिले तितकेच पुढच्या आठवड्यात दिले तर डोस कमी पडेल. तुमचं ते ई रेज टू मायनस लॅम्डा टी तिथे खरोखरच्या माणसावर लागतं.

आणि पहिला प्रश्न, होऊ शकतं का, तो तर नोकरीत रोजच भेटतो. लासलगावच्या कृषक केंद्रात कोबाल्ट-६० च्या गॅमाने कांद्याला मोड येणं थांबवतात, तिथून २००७ मध्ये आंबे प्रक्रिया होऊन अमेरिकेला गेले, आणि लोक हटकून विचारतात की आंबा किरणोत्सारी होतो का. हिशोब करा. न्यूक्लियसमधून न्यूट्रॉन उडवायला कमीत कमी किती एनर्जी लागते? ड्यूटेरॉनला २.२२४, बेरिलियम-९ ला १.६७, कार्बन-ऑक्सिजनसारख्यांना तर १५ च्या वर. कोबाल्टचा मोठ्यात मोठा गॅमा १.३३. पोचतच नाही, त्यामुळे डोस कितीही द्या, आंबा आंबाच राहतो. आता हाच हिशोब आमच्या लिनॅकला (उपचारासाठी जोरदार एक्स-रे तयार करणारं मशीन) लावा. ६ एमव्हीच्या मशीनला न्यूट्रॉनची काळजी करावी लागत नाही, पण १५ एमव्हीला टंगस्टन आणि शिशाचे थ्रेशोल्ड, जे ७ एमईव्हीच्या आसपास आहेत, आरामात ओलांडले जातात, न्यूट्रॉन सुटतात, आणि म्हणून त्या खोलीच्या दारात नुसतं शिसं घालून भागत नाही, बोरॉनवालं पॉलिथिन घालावं लागतं. हायड्रोजन न्यूट्रॉनला हळू करतो, बोरॉन गिळतो, आणि गिळताना जो ४७८ केईव्हीचा गॅमा निघतो त्यासाठी पुन्हा शिसं. इंटरव्ह्यूला जाणार असाल तर हा थर कुठल्या क्रमाने आणि का, एवढं कागदावर काढून न्या, हा प्रश्न विचारतात.